घट्ट वेणीतले गंगावन

मित्रांनो, मी एक गंगावन. आता जुने झाले आहे, रंगही थोडा तांबूस पडला आहे. गंगावन म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ज्या बाईचे केस विरळ असतात, ती वेणी घालताना तिच्यात सुट्या केसांचा एक झुबका गुंफते. तो झुबका म्हणजे मी.

माझे केस मात्र कोणा परक्याचे नाहीत. धामापूरला श्रीपाद मास्तर होते, त्यांच्या मुलीचे, तुळसाचेच ते केस. लग्नाच्या आदल्या वर्षी तिला विषमज्वर झाला. ताप उतरला आणि केस गळू लागले. फणी फिरवली की पुंजका हातात येई. तिची आई सीताबाई ते केस टाकत नसे. धुऊन, वाळवून, फडक्यात बांधून ठेवी. पुढे मालवणच्या बाजारात गंगावने करणाऱ्या एका बाईला तिने ते नेऊन दिले. त्या बाईने केस विंचरून सारखे केले, एका टोकाला काळ्या दोऱ्याने आवळले, आणि माझा जन्म झाला. साल असेल छप्पन्न.

त्याच सुमारास मसुऱ्याहून तुळसाला मागणी आली. मुलगा गुरुदास मुंबईला गोदीत कारकून होता. बघण्याच्या दिवशी सीताबाईने मुलीचे उरलेसुरले केस मागे ओढून घट्ट बांधले आणि मला अगदी मुळापाशी गाठ मारली.

"आये, दुखता गो," तुळसा म्हणाली.

"दुखांदे. लगीन मोडण्यापेक्षा बरा. आणि आयक, ह्या कोणाक दाखवू नको. नवऱ्याक सुद्धा नको. केस सोडून सासूसमोर कधी बसू नको."

पाहुण्यांतल्या एका बाईने वेणी हातात घेऊन जोखली. "केस बरे आसत हां चेडवाचे!" ती म्हणाली. स्तुती माझी झाली, पण मला आनंद झाला नाही. गाठीखाली तुळसाच्या कानशिलाची कातडी कशी ताणली आहे, ते मला कळत होते.

लग्न झाले आणि आमचे दोघींचे अडकणे सुरू झाले. सासूबाई काशीबाई करड्या स्वभावाच्या होत्या. त्यांची नजर चुलीवरच्या भाकरीवरही असे आणि सुनेच्या डोक्यावरच्या पदरावरही. मुंबईहून गुरुदास सणावारीच येई, तरी तुळसा मला कधी सोडत नसे. दळताना मी वेणीत, विहिरीवर मी वेणीत, निजतानाही वेणीतच. उताणे निजले की गाठ रुते, म्हणून ती कुशीवर निजे. न्हायची वेळ आली की मोरीचे दार लावून घेई, वरवर पाणी ओती आणि ओलीच वेणी पुन्हा आवळी. उन्हात केस मोकळे सोडून बसायची तिला चोरी होती.

श्रावणात तर माझे हाल झाले. हवेत ओल, डोक्यावर पदर, आणि पदराखाली मी कधीच न सुकणारे. मला कुबट वास येऊ लागला. गाठीखालची कातडी लाल झाली, पुढे तिथे पुळ्या आल्या. तुळसाचे बारीक केस माझ्या दोऱ्यात गुंतत आणि तुटत. केस कमी झाले की मी सैल होई. सैल झाले की ती मला आणखी घट्ट बांधी. घट्ट बांधले की आणखी केस तुटत. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. तिला तोंड होते, पण तीही ओरडत नव्हती. शेजारची आनंदी वेणीचे कौतुक करी, तेव्हा ती नुसती हसे. त्या कौतुकाने तिला अधिकच कोंडून टाकले होते.

मग आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आली. घरात सगळ्यांची तयारी चालली होती. नणंद जानकी अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेऊन तुळसाच्या मागे येऊन बसली.

"वयनी, आज तुझी वेणी मी घालतंय."

"नको गो. माझी मी घालतंय."

"रोज तूच घालतंस. आज माका घालूक दी!"

तुळसा उठणार, तोच जानकीने हौसेने वेणी सोडायला घेतली. फणी माझ्या गाठीत अडकली. जानकीने जोर केला आणि तुळसाच्या तोंडून किंकाळी फुटली. मी अर्धवट सुटून लोंबत राहिले. फणीत केसांचा पुंजका होता आणि त्याच्या मुळांना रक्त.

"आये!" जानकी घाबरून ओरडली. "धाव गो! वयनीचे केस हातात इले!"

काशीबाई धावत आल्या. आधी त्यांनी मला पाहिले. मग सुनेच्या कानशिलावरची उघडी पडलेली कातडी पाहिली. तुळसाने गुडघ्यांत तोंड खुपसले. आता आपल्याला धामापूरला परत धाडणार, हे ती धरूनच चालली होती.

"कधीपासून बांधतंस ह्या?"

"लग्नाच्या आदीपासून."

"निजताना पण?"

तुळसाने होकारार्थी मान हलवली.

"तुझ्या आवशीन माका फसवल्यान," काशीबाई म्हणाल्या. "ता मी तिका विचारतलंय. पण आदी ह्या डोक्याचा बघूया."

जानकी कातर घेऊन आली. "कापू नको!" काशीबाई म्हणाल्या. "कापलंस तर तिचे उरलेत ते पण जातीत." त्यांनी गाठीवर कोमट खोबरेल सोडले आणि सुईच्या टोकाने एकेक केस मोकळा करू लागल्या. टोकाकडून वर, मुळाला जरासुद्धा ताण न देता. बाहेर बैलगाडी जुंपलेली होती, गाडीवान हाका मारत होता. त्या उठल्या नाहीत. गाडी निघून गेली. ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली आले तेव्हा कुठे मी सुटले. तुळसा हळूच मान इकडेतिकडे वळवून बघत होती. किती दिवसांनी तिचे डोके हलके झाले होते!

रिठ्याच्या पाण्याने काशीबाईंनी तिचे केस धुतले, उन्हात सुकवले आणि मानेवर बोराएवढा सैल अंबाडा घातला. तशीच तिला घेऊन त्या चालत जत्रेला निघाल्या. मी जानकीच्या पिशवीत होते. वाटेत आनंदी भेटली.

"अगो बाय! सुनेची वेणी खंय गेली?"

तुळसाची पावले थबकली. काशीबाई मात्र थांबल्या नाहीत. "डोक्यार आसत ते तिचे आसत," त्या म्हणाल्या. "चल गो तुळसा, ओटी भरूची आसा."

पुढे सीताबाई भेटायला आली, तेव्हा काशीबाईंनी तिला सोडले नाही. "माका सांगलंस कित्याक नाय? केस नाय म्हणान मी चेडू नाकारला असता?"

सीताबाई डोळे पुसत म्हणाली, "नाकारला असतात तर?"

काशीबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मला वाटते, त्यांना खरे उत्तर ठाऊक होते.

शिमग्याला गुरुदास आला. त्याने तो इवलासा अंबाडा पाहिला, सगळी हकीकत ऐकली आणि एवढेच विचारले, "आता दुखता काय?"

तुळसाच्या पुळ्या सुकल्या. हळूहळू बारीक लव आली, त्या लवेचे केस झाले. कानशिलावरचे थोडे केस मात्र कधीच परत आले नाहीत. फार दिवस ओढले गेलेले मूळ कायमचे रुसते. त्यानंतर मला वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर काढीत. बासष्ट साली जानकीच्या लग्नात तुळसाने मला घातले. पण या वेळी गाठ मुळाशी नव्हती. अर्धी वेणी झाल्यावर मला खाली, सैल गुंफले होते, आणि वरात निघून गेल्याबरोबर तिने मला सोडून, धुऊन दांडीवर वाळत टाकले. वाऱ्यावर हलताना मला प्रथमच वाटले, मी कुणाला धरून ठेवलेले नाही आणि मलाही कुणी धरलेले नाही.

आता मी ट्रंकेत मलमलच्या फडक्यात असते. मित्रांनो, आणि विशेषतः मुलींनो, माझी एक विनवणी आहे. वेणी घाला, अंबाडा घाला, हौसेने गंगावनही लावा. पण केस ओले असताना बांधू नका, मुळाशी ताणू नका, निजताना मोकळे करा. आणि वेणी घालून झाली की 'छान दिसते का' हे आरशाला विचारण्याआधी 'दुखते का' हे आपल्या डोक्याला विचारा. ते 'हो' म्हणाले, तर दारात गाडी खोळंबलेली असली तरी गाठ सोडा.