थर्लोच्या रुमालाचा खिसा

रविवारची उपासना संपून चर्चच्या अंगणात जेवणं चालली होती. मक्याच्या पावाचं ताट हातात असतानाच माझी लेक मेबेथ खाली कोसळली. ओठ निळे, श्वास नाही. सगळं चर्च भोवती गोळा झालं.

"बाजूला व्हा," पाळक थर्लो म्हणाला. "डॉक्टरच्या हातून मढं उठत नाही, माझ्या हातून उठतं." तेल लावलेला प्रार्थनेचा रुमाल तिच्या नाकावर दाबून तो मृत्यूला दरडावू लागला. थोड्याच वेळात मेबेथनं श्वास घेतला, उठून बसली आणि रुमालावरच ओकली. बायका रडत गुडघ्यांवर आल्या. त्यांत मीही होते.

"हा चौथा जीव," थर्लो म्हणाला. "आता अ‍ॅम्ब्युलन्स नको, दवाखान्याची ती नशा सोडवायची जिभेखालची गोळीही नको. शंका धरलीत की मृत्यू परत येतो. विचारा हेटीला."

हेटीनं मान खाली घातली. इस्टरला थर्लोनं तिच्या पोराला असंच उठवलं होतं. संध्याकाळी पोरगा घरी खाटेवर गार सापडला. "आईचा विश्वास कमी पडला," थर्लो म्हणाला होता, आणि मी मान डोलावली होती.

मेबेथची पाठ गेली ती वृद्धाश्रमातली माणसं उचलून. वेदनेवरच्या, अफूच्या जातीच्या गोळ्या डॉक्टरनंच दिल्या. त्यानं बंद केल्यावर तिनं रस्त्यावरच्या शोधल्या. मी मात्र तिला नादी म्हणत आले.

चर्चचे रुमाल मीच धुते. एरवी थर्लो प्रार्थनेच्या रुमालाचा खिसा स्वतः रिकामा करून द्यायचा. आज घाण झाली म्हणून मी तो त्याच्या हातातून ओढूनच घरी आणला. मेबेथला कोचावर निजवलं, रुमाल पाण्यात घातला, तर खिशात काहीतरी टोचलं. तेलाच्या कुपीसाठी म्हणून त्यानं तो खिसा माझ्याकडूनच शिवून घेतला होता. आत निघाली पांढरी प्लॅस्टिकची नळी. अस्संच एक नळकांडं, गोळ्या जास्त झाल्या तर नाकात मारायचा फवारा, दवाखान्यातल्या समुपदेशक अडेलानं मला दिलं होतं. 'असल्या वस्तू माझ्या घरात लागत नाहीत' म्हणून मी ते खणात फेकलं होतं.

तेवढ्यात कोचावरून घोरणं आलं, घशात पाणी अडकल्यासारखं. ओठ पुन्हा निळे.

आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, मग अडेलाला.

"मावशी, मी दिलेला फवारा तिच्या नाकात मारा. मान मागे करा, नाक धरून तोंडानं श्वास द्या. थांबू नका."

खणातला फवारा मारला, श्वास दिले. "पण ती तर थर्लोच्या रुमालानं उठली होती गं! त्याच्या खिशात असंच नळकांडं निघालं."

"उठवलं ते औषधानं, रुमालानं नाही. ते तास-दीड तासात उतरतं, गोळी रक्तात राहते. म्हणून उठल्यावरही दवाखाना लागतो."

मेबेथ वाचली. पुढच्या रविवारी मी रुमाल घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिले. खिशात नवा फवारा घालून, टोक बाहेर ठेवून दाबला. खिडकीतल्या उन्हात धुकं उडालेलं मागच्या बाकावरूनही दिसलं.

"बाई, देवाच्या घरात ठकबाजी?" थर्लो ओरडला.

"ठकबाजी तुझी, शिवण माझी. औषध चांगलंच आहे, पाळकबुवा. ते लपवून चमत्कार म्हणालास, आणि दवाखान्याची वाट बंद केलीस."

हेटी उठली. "माझा पोरगा दवाखान्यात असता तर?"

"बहुतेक जगला असता, हेटी. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. औषध उतरलं होतं."

तिनं माझ्या हातातून रुमाल घेतला आणि माझे टाके दातांनी उसवले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, पण एवढं कळायला तेवढं पुरतं. फवारा खणात टाकू नका, हाताशी ठेवा. माणूस उठला तरी दवाखान्यात न्या. आजारी लेकराला नादी म्हणू नका. प्रार्थना जरूर करा, पण फोन लावून झाल्यावर.