चपला कोण सांभाळणार

कोल्हापुरातून निघताना गाडीत कोण कुठं बसणार हे जसं ठरलं, तसंच मालवणात समुद्रात कोण उतरणार हेही ठरलं होतं. दोन्ही वेळा दानेश्वरीला कुणी विचारलं नव्हतं. तिचा नवरा विरूपाक्ष आणि धाकटा दीर संगमेश बुडी मारणार होते. दानेश्वरी, सासू रत्नव्वा आणि लेक विद्याश्री या तिघींनी होडीत बसून बघायचं होतं.

"कुणीतरी चपला, पाकिटं सांभाळायला पायजेच की," संगमेश म्हणाला होता.

दोन हजार आठचा डिसेंबर होता. पाठीला हवेची टाकी बांधून पर्यटकांना समुद्राच्या तळापर्यंत नेऊन आणतात, हे तेव्हा कोल्हापुरात फारसं कुणाला माहीत नव्हतं. संगमेशला ते त्याच्या फौंड्रीतल्या एका फिटरनं सांगितलं आणि त्यानं आठ दिवसांत सगळं ठरवून टाकलं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळं त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

"खायचं न्हाय ते बघायला घाट उतरून चाललोय आपण," फोंड्याच्या वळणांवर तो स्वतःच हसला. "लिंगायताच्या पोरानं ऑक्सिजन लावून मासं बघायचं!"

"ऑक्सिजन नसतोय काका," विद्याश्री मागून म्हणाली. तिनं त्याच वर्षी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. "साधी हवाच असती, दाबून भरलेली. नुसता ऑक्सिजन खोल पाण्यात विषासारखा लागतोय."

"बघा अव्वा, तुमची नात मला जायच्या आधीच मारायली."

रत्नव्वा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. घाट संपेपर्यंत तिनं ते उघडले नाहीत.

दानेश्वरी खिडकीबाहेर बघत होती. होडीत घालायला तिनं विद्याश्रीचा निळा पंजाबी ड्रेस बॅगेत घेतला होता. होडीत साडी भिजते, पायात अडकते, असं तिनं सासूला सांगितलं होतं. कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं.

ती कुरुंदवाडची. सातव्या वर्षी तिच्या वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून तिला नदीत सोडली होती. नवव्या वर्षी भोपळा सुटला, बाराव्या वर्षी ती पैलतीराला हात लावून परत यायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा विरूपाक्षही बरोबर होता. सकाळी ती सवयीनं घाटावर गेली, पोहून आली, ओलेत्यानं दारात उभी राहिली. विरूपाक्ष चहा पीत होता. त्यानं आवाज चढवला नाही. "आता लेकरावाणी करू नको," एवढंच म्हणाला. त्याला चोवीस वर्षं झाली. तो ते वाक्य कधीच विसरून गेला असेल. पण दानेश्वरी त्यानंतर बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरली नव्हती.

उद्या ती उतरणार होती. हे फक्त विद्याश्रीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी किनाऱ्यापासून बरीच आत आली आणि नांगर टाकून थांबली. पाणी इतकं स्वच्छ होतं की खालचे काळे खडक वरून दिसत होते. बुडी शिकवणारा बस्त्याव हा मालवणचाच, चाळिशीतला, उन्हानं भाजून काळाठिक्कर पडलेला गडी. त्यानं रबरी पोशाख, काचेचे मुखवटे आणि टाक्या फळीवर मांडल्या.

"कोण कोण उतरतला?"

"आम्ही दोघं," विरूपाक्ष म्हणाला.

"तिघं," दानेश्वरी म्हणाली.

विरूपाक्षनं आधी लेकीकडं बघितलं. त्याला वाटलं, तिसरी विद्याश्री असणार.

"मी आईच्या नंतर," विद्याश्री म्हणाली.

"आईच्या?" संगमेश खोखो हसला. "वैनी, हे आपलं हिरवळीवरचं भेळ खाणं न्हाय. दर्या हाय दर्या!"

"भावजी, तुम्हाला रंकाळ्यातनं चौघांनी ओढून काढलेलं मी बघितलंय. तुम्ही निघालाय, मग माझं काय?"

बस्त्याव हसला. संगमेशनं हसू आवरलं.

"तुला जमायचं न्हाय, दानू," विरूपाक्ष हळू आवाजात म्हणाला. घरच्या गोष्टी परक्यापुढं बोलायची त्याला लाज वाटायची. "कशाला हट्ट?"

"जमतंय का न्हाय ते पाण्यात कळंल. होडीत कसं कळणार?"

तेवढ्यात बस्त्यावनं नकळत विरूपाक्षची सुटका केली. "वयनीनू, उतरा की, माझी ना नाय. पण गळ्यातला सगळा काढूक होया. हवेची नळी हंयसून जाता. कायव अडाकला तर खाली सोडवूक वेळ नसता."

दानेश्वरीच्या गळ्यात दोन गोष्टी होत्या. एक मंगळसूत्र. दुसरी, दोऱ्यात ओवलेली चांदीची छोटी डबी आणि तिच्यात इष्टलिंग. ती पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं. ते अंगावरून उतरवायचं नसतं. रोज सकाळी तळहातावर घेऊन पाणी घालायचं, विभूती लावायची, पूजा झाल्याशिवाय तोंडात घोट घ्यायचा नाही, आणि परत गळ्यात. रत्नव्वाच्या घरात या नियमाला सणावारी, प्रवासात, आजारपणात कुठंच सूट नव्हती.

"झालं मग," विरूपाक्ष म्हणाला. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "तिला ते काढता येत न्हाय. नियम हाय आमच्यात. तू बस, दानू."

दानेश्वरीनं मान वाकवली. दोन्ही हात मानेमागं नेले आणि मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं आधी तळहाताकडं, मग तिच्या गळ्याकडं बघितलं.

"अगं," विरूपाक्ष म्हणाला, "हे काढलंस? आणि ते—"

"ते न्हाय काढणार."

"मंगळसूत्र निघतंय आणि लिंग निघत न्हाय?"

"मंगळसूत्र तुम्ही बांधलंय. माझ्या विसाव्या वर्षी. लिंग माझं हाय, मी तीन आठवड्यांची असल्यापासून. तुमच्या आधीचं हाय ते."

संगमेशनं शीळ घालायला तोंडाचा चंबू केला, पण आईकडं बघून मिटला. रत्नव्वा होडीच्या मधल्या फळीवर बसली होती. पदर कानामागं खोचलेला, दोन्ही हातांनी कड धरलेली. ती अजून काहीच बोलली नव्हती, आणि त्या घरात रत्नव्वा बोलत नाही तोवर काहीच ठरत नसे.

"उतरल्याबिगर ऱ्हाणार न्हाय आणि लिंग काढणार न्हाय," विरूपाक्ष चिडून म्हणाला. "मग हा माणूस काय करणार? तो न्हाय म्हणतोय की!"

"गळ्यात नको म्हणाले ते. अंगावर नको असं न्हाय म्हणाले." दानेश्वरी बस्त्यावकडं वळली. "दंडाला बांधलं तर? पोशाखाच्या आत?"

बस्त्यावनं विचार केला. "कापडान घट्ट बांधलास, वरसून रबर इला, तर खंय जातला? माझी काय हरकत नाय."

"डबी नको घेऊ आई," विद्याश्री पुढं सरकली. "खाली पाण्याचा दाब वाढतोय. सहा-सात मीटरवर वरच्यापेक्षा दीडपटीच्या वर जातोय. डबीत हवा असती. झाकण आत दाबलं जाईल, फटीतनं खारं पाणी शिरंल. नुसतं कापडात बांध. दगडाला काय होत न्हाय."

"आणि पडलं तर?" रत्नव्वा म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. तिचा आवाज मोठा नव्हता.

"लिंग पडलं म्हंजे काय, ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय अत्ती." दानेश्वरी तिच्यासमोर बसली. जुन्या माणसांत लिंग हरवणं आणि जीव जाणं यात फरक करत नाहीत. "म्हणूनच लॉजवर ठेवून आले न्हाय. तुम्ही चिखलात भातलावणी करताना दंडाला बांधत होता, असं तुम्हीच सांगितलंय. ओणवं झालं की गळ्यातलं लोंबतंय, चिखलाला लागतंय म्हणून. मग मलाही बांधता येतंय. मी रोज त्याला तांब्याभर पाणी घालते. आज समुद्र घालंल."

रत्नव्वा सुनेकडं बघत राहिली. काय म्हणाली असती कोण जाणे. पण तेवढ्यात विद्याश्रीचं लक्ष दुसरीकडं गेलं. या वादात आपलं काम संपलं असं समजून विरूपाक्षनं शर्ट काढला होता आणि रबरी पोशाखात एक पाय घातला होता.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमचं लिंग कुठं हाय?"

पुरावा गोळा करायच्या हेतूनं तिनं विचारलं नव्हतं. तिला जे दिसलं नाही त्याबद्दल तिनं विचारलं, एवढंच. पण विरूपाक्षचा हात छातीकडं गेला आणि तिथंच थांबला. छाती उघडी होती.

"लॉजवर हाय," तो म्हणाला. "बॅगेत. नीट ठेवलंय. फोनवरच सांगितलं होतं ह्यांनी, गळ्यात काय नको म्हणून."

"कवा काढलंस?" रत्नव्वानं विचारलं.

"सकाळी."

"पोहे खायच्या आधी का मागनं?"

विरूपाक्ष, पन्नाशीला टेकलेला, एमआयडीसीत दोन डझन माणसं हाताखाली वागवणारा, आईसमोर एका पायात रबर घालून उभा होता. "आधी," तो म्हणाला.

"आणि तुझं?"

संगमेश टाकीकडं वाकून काहीतरी बघायचं नाटक करत होता. "माझं... ते घरी हाय अव्वा. कोल्हापुरात. देव्हाऱ्यात एकदम सुखरूप हाय."

"किती दिवस झालं सुखरूप ठेवून?"

संगमेशनं समुद्राकडं बघितलं.

"बरं," रत्नव्वा म्हणाली. "लिंग काढता येत न्हाय, नियम हाय आमच्यात, हे आत्ता कोण सांगत होतं? बाईनं खाली बसायला नियम, आणि आपल्याला बॅग." तिनं पदराचं टोक हातात घेतलं, दातानं चीर दिली आणि फर्रकन चार बोटं रुंदीची पट्टी फाडली. धुवट, मऊ इरकल. "इकडं ये, दानेश्वरी. हात वर कर."

दानेश्वरीनं डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, कपाळाला लावलं. सासूनं पट्टीत ते मधोमध ठेवलं, डाव्या दंडावर तीन वेढे दिले आणि गाठीवर गाठ मारली. शेवटची गाठ इतकी आवळली की दानेश्वरीच्या तोंडून हुंकार निघाला.

"लागतंय?"

"लागू दे."

"आता न्हाय पडत." मग रत्नव्वा मुलांकडं वळली. "तुम्ही दोघं कपडे घाला. ज्यांच्या अंगावर न्हाय त्यांनी पाण्यात पाय घालायचा न्हाय. आणि ह्या चपला धरा."

शिडीला धरून पाण्यात उतरल्यावर बस्त्यावनं तिला नळी तोंडात धरायला शिकवली आणि डोकं पाण्याखाली घ्यायला सांगितलं. तिनं घेतलं. बराच वेळ बुडबुडे वर आलेच नाहीत. त्यानं तिला वर ओढलं.

"वयनी, श्वास कित्याक रोखलास? थंय हवा आसा. घेवा आणि सोडा. वर येताना तर मुळीच रोखूचा नाय, छाती फुटता."

नदीनं तिला श्वास कोंडायला शिकवलं होतं, सदतीस वर्षांपूर्वी. पाण्याखाली तोंड गेलं की छाती आपोआप बंद व्हायची. दुसऱ्यांदाही तेच झालं, तिसऱ्यांदाही.

"ऱ्हाऊ दे गं," वरून विरूपाक्षचा आवाज आला. त्यात टोमणा नव्हता, खरी काळजी होती, आणि तेच जास्त अवघड होतं. "ये वर. बघितलंस न्हवं आता?"

तिनं नळी तोंडातून काढली. "अजून काय बघितलं न्हाय," ती म्हणाली आणि नळी परत दातात धरली.

चौथ्या वेळी तिनं दंडावरच्या गाठीकडं लक्ष दिलं. नाडी उडेल तशी गाठ आतून टोचत होती. दोन ठोक्यांना श्वास घ्यायचा, चार ठोक्यांना सोडायचा, असं तिनं ठरवलं. बुडबुडे वर गेले. बस्त्यावनं तिचा हात धरला आणि दोघं खाली निघाली.

कान दुखले, नाक चिमटीत धरून फुंकल्यावर मोकळे झाले. मग तळ आला. खडकांना फुटलेली जांभळी झुडपं, त्यांतून पिवळे-काळे पट्टेवाले मासे तिच्या काचेसमोर येऊन थांबत. घाबरत नव्हते ते. एका माशानं तिच्या बोटाला तोंड लावून बघितलं आणि खाण्यासारखं नाही असं ठरवून निघून गेला. नदी गढूळ असायची, नदीत फक्त अंगाला कळायचं, डोळ्यांना काही नाही. इथं ती प्रथमच पाण्याला आतून बघत होती. तिनं बस्त्यावचा हात सोडला. त्यानं परत धरला. तिनं परत सोडला आणि बोटानं स्वतःकडं दाखवलं. मग पायांनी एक लाथ मारली, कुरुंदवाडच्या घाटावरची, आणि हातभर अंतरावरून तो तिच्यामागं आला.

ती वर आली तेव्हा विरूपाक्ष मांडीवर चार जोडी चपला आणि मुठीत मंगळसूत्र घेऊन बसला होता. उन्हानं त्याचं टक्कल लाल झालं होतं. संगमेशला होडी लागली होती आणि तो कडेला पडून होता. विद्याश्री आपलं लिंग दंडाला बांधून, पोशाख घालून तयार उभी होती.

"किती खोल गेलीस? कान कधी दुखले? उतरल्यावर लगेच?"

"सांगते. आधी पाणी दे. प्यायचं."

तिनं रबर सोलून दंड मोकळा केला. गाठ भिजून लोखंड झाली होती, ती रत्नव्वानंच दातानं सोडवली. लिंग होतं तिथंच होतं. दानेश्वरीनं ते डाव्या तळहातावर घेतलं, बाटलीतलं गोडं पाणी सावकाश ओतून सगळा खार धुतला, डबीत ठेवलं, दोरा गळ्यात घातला. तेवढा वेळ बस्त्यावसुद्धा डोक्यावरची रबरी टोपी काढून उभा राहिला.

विरूपाक्षनं मूठ पुढं केली. मंगळसूत्राचे मणी त्याच्या तळहातावर उमटले होते.

"घाल की आता."

"घालते. गार वारा लागतोय, अंग पुसू दे आधी." तिनं टॉवेल घेतला. "अहो, संक्रांतीला कुरुंदवाडला जायचंय आपल्याला."

"व्हय. मग?"

"मी घाटावर उतरणार हाय. सकाळी, सगळ्यांच्या देखत. पैलतीराला जाऊन येणार." तिनं केस पिळले. पाणी त्याच्या मांडीवरच्या चपलांवर पडलं. "तुम्हीही या पाण्यात, लिंग दंडाला बांधून. न्हाईतर ह्या आहेतच. सवय झाली असंल एव्हाना."

विरूपाक्षनं चपला एकावर एक नीट रचल्या, त्या पायाशी ठेवल्या आणि आईकडं बघितलं. रत्नव्वा फाटक्या पदराची किनार चाचपत होती.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "पदर अजून लांब हाय."