मी मिडी कंट्रोलर, दम कुठून आणू?

मी मिडी कंट्रोलर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, तीच तर माझी रड आहे. मला पेटीसारख्या पट्ट्या आहेत, गोल नॉब आहेत, वरखाली सरकणारे स्लायडर आहेत, पण स्वतःचा आवाज नाही. पट्टी दाबली की मी कॉम्प्युटरला नुसता निरोप धाडतो: हा सूर, एवढ्या जोरात. आवाज काढायचा तो आतल्या सॉफ्टवेअरने. तरी लोक वायर न जोडताच मला बडवतात आणि बिघडलाय म्हणून मोकळे होतात.

माझा पहिला मालक धवल असाच. मालाडच्या दुकानातून मला घेऊन आला तेव्हा त्याला झटपट संगीतकार व्हायचं होतं. नॉब फिरवायचा, काही होत नाही म्हणून वैतागायचा. अरे बाबा, कुठल्या नॉबने काय करायचं ते तूच मला नेमून द्यायचं असतं. आवाज मोठा करू, धारदार करू की घुमवू? पण तेवढा धीर त्याला कुठला. पुढे पुढे तो माझ्यावर फरसाणाची बशी ठेवू लागला. त्याचा चुरा स्लायडरच्या फटीत गेला. शेवटी त्याने मला विकून टाकलं.

न्यायला आली ती शुभा. मरोळला एका स्टुडिओत ती डबिंगचा आवाज साफ करायची आणि घरी, घाटकोपरला, हौशी नाटकांना संगीत द्यायची. घरात ती आणि तिचे वडील सहदेव. ते मूळचे राजापूरकडचे. गिरणी बंद पडल्यावर बँडमध्ये शिरले आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी वरातींत क्लॅरिनेट वाजवली. आता छाती साथ देत नव्हती. डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली, तशी त्यांनी क्लॅरिनेट भाच्याला देऊन टाकली आणि तिचं नावही काढणं सोडलं.

शुभाने मला नीट ओळखलं. प्रत्येक नॉबला काम दिलं. मला वाटलं, सुटलो.

मग माधुरीचं नाटक आलं. माधुरी शुभाची कॉलेजातली मैत्रीण, आता दिग्दर्शक. शेवटच्या प्रवेशाला तिला एकटी क्लॅरिनेट हवी होती. शुभाने सॉफ्टवेअरमधली क्लॅरिनेट लावली आणि माझ्या पट्ट्यांवर वडिलांची एक जुनी चाल वाजवली. सूर अगदी बरोबर होते आणि ऐकवत नव्हते. प्रत्येक सूर सारखाच फुगलेला, जणू दाराची बेल. तिने माझ्या एका स्लायडरला सुराचा चढउतार नेमून दिला. उजव्या हाताने पट्ट्या, डाव्या हाताने स्लायडर. पण चुऱ्यामुळे स्लायडर मधेच अडायचा, मग एकदम सुटायचा आणि सूर किंचाळायचा. ती पुन्हा वाजवायची, मी पुन्हा घोळ घालायचो. एकदा तिने मला अशी थप्पड दिली की माझी एक पट्टी कायमची सैल झाली.

सहदेव आतून ऐकत होते. न राहवून म्हणाले, यात दम कुठाय?

"मग तुम्हीच वाजवून दाखवा ना," शुभा म्हणाली.

बोलून गेली आणि तिचा चेहरा पडला. सहदेव गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर आणून शुभाने मला उघडलं, ब्रशने फटी झाडल्या, चुरा काढला आणि वडिलांना हाताला धरून आणलं. मी पट्ट्या वाजवते, तुम्ही फक्त हा स्लायडर सांभाळा, म्हणाली.

सहदेवांनी आधी बोट असं ठेवलं, जणू मी चावणार होतो. शुभाने सूर धरला. त्यांनी स्लायडर हळूच वर नेला आणि त्याबरोबर छातीत श्वास भरून घेतला. सूर उमलला, थरथरला, ओठांवरून सुटावा तसा सुटला. दुसऱ्या ओळीला त्यांना धाप लागली. शुभा घाबरली. बाबा, इथे फुंकायचं नाहीये, ती म्हणाली.

"फुंकल्याशिवाय हात चालत नाही गो," ते म्हणाले.

थांबत, पाणी पीत, त्यांनी ती चाल पुरी केली. मी त्यांचा प्रत्येक श्वास जसाच्या तसा पलीकडे पोचवला. माझ्या जन्मात तेवढं एकच काम मी मनासारखं केलंय.

आणि त्याचं झालं काय? माधुरीला चाल आवडली, पण प्रयोगात तिने ती संवादाखाली इतकी दाबली की पुढच्या रांगेतही पोचली नाही. सहदेव नाट्यगृहातून तणतणत आले. शुभाने माधुरीशी फोनवर भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून सहदेव दुपारी माझ्यासमोर बसू लागले. एका हाताने पट्ट्या, दुसऱ्याने स्लायडर. बँडमधल्या चाली एकेक करून परत येत होत्या.

तेवढ्यात जुना लॅपटॉप सारखा बंद पडू लागला म्हणून शुभाने नवा घेतला. त्याने मला ओळखलंच नाही. मला बनवणाऱ्यांनी नव्या लॅपटॉपना माझी भाषा समजावणारं सॉफ्टवेअर काढणं कधीच सोडलं होतं. वायर बदलली, इंटरनेटवर शोधाशोध झाली, सगळं व्यर्थ. माझा दिवा लागतो, पण माझं बोलणं पलीकडे जात नाही. शुभा नवा कंट्रोलर घेऊन आली. छोटा, झकास दिसणारा, नुसत्या चौकोनी बटणांचा. स्लायडर एकही नाही. बीट वाजवायला तिला तो पुरतो. मला देऊन टाकू या, ती म्हणाली.

"तुझं काम झालं असेल. माझं नाही झालं," सहदेव म्हणाले.

तिने जुना लॅपटॉप शोधून काढला. तो सुरूच होईना. तो आता दुरुस्तीच्या दुकानात पडलाय. दुकानदार आज बघतो, उद्या बघतो करतोय. सहदेव रोज दुपारी माझ्यावरचं फडकं काढतात, स्लायडर वर सरकवतात, छाती भरते, धाप लागते, आणि खोलीत काहीही वाजत नाही.

मला माफ करा, पण मी चिडलोय. नवं बनवणाऱ्यांनो, बनवा खुशाल. फक्त जुन्याशी बोलायची एवढीशी वाट तरी उघडी ठेवा. त्याच्यापुढे बसलेल्या माणसाकडे फार दम उरलेला नसतो.