पाण्याचं विरजण

टाकी मांडून झाली तेव्हा माझ्या लेकीला, टिंगीला, सगळ्यात जड गेलं ते रिकाम्या पाण्याकडे बघत बसणं. खाली वाळू, चार रोपं, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा फिल्टर, आणि आत कुणीच नाही.

"आई, मासे कधी येणार?"

"आधी पाणी तयार होऊ दे."

"पाणी तर आहे की!"

मलाही ते नुकतंच कळलं होतं. माशांची घाण पाण्यातच विरघळते आणि तिचंच विष होतं. ते विष खाऊन टाकणारे जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते सावकाश येऊन फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. त्यांना घाई चालत नाही. धाकटा पोटात असताना मी अशीच बसून राहायचे. आत काहीतरी चाललेलं असायचं आणि आपलं काम एवढंच, की मध्ये पडायचं नाही.

मग मासे आले. शेपटीचे पंखे हलवणारे, बोटाच्या पेराएवढे गप्पी. त्यातल्या एकीचं पोट इतकं वाढलेलं होतं की टिंगीने तिचं नाव ढोली ठेवलं. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, हे कळल्यापासून टिंगी दात घासायच्या आधी टाकीपाशी जायची. "ढोली, झालं का?"

सासूबाई धाकट्याच्या वेळी मदतीला आल्या त्या राहिल्याच, आणि बरं झालं. त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू नवी होते. हातात फडकं नसलं की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. "आईसमोर फार वेळ उभी राहू नकोस," नवरा म्हणतो, "पुसून काढेल."

एका दुपारी मी धाकट्याला लस द्यायला घेऊन गेले होते. परत येऊन बघते तर टाकी लखलखत होती. चहाच्या चोथ्यासारखा दिसणारा स्पंज पिवळाधमक झाला होता.

"बघ!" सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "काय घाण होती गं त्यात! उकळत्या पाण्यात घातला नि ब्रशने घासला. वाळूसुद्धा. मासे बादलीत ठेवले होते हो, त्यांना हात नाही लावला. पाणीही तू औषधाचा वास जावा म्हणून पिंपात मुरवून ठेवलेलंच घातलं."

इतक्या मायेने केलेलं काम. मी "दमला असाल" म्हटलं आणि चहा ठेवला.

एक-दोन दिवसांत पाण्यावर दुधाळ साय आल्यासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. ढोली तर वर, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटूनच राहिली.

"काय झालं गं हिला?" सासूबाईंनी विचारलं.

सांगावंच लागलं. स्पंजाबरोबर ते जंतूही धुतले गेले, हे जमेल तितकं हळू सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे मी मारलं."

"अजून कुणी मेलेलं नाही, आई."

त्यांनी फडकं खिडकीत ठेवलं आणि त्यानंतर घरातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. जेवण झाल्यावर ताट हातात धरून त्यांनी मला विचारलं, "धुऊ का?" त्या गढूळ पाण्यापेक्षा मला त्या प्रश्नाची भीती वाटली. ढोली गेली असती तर हे हात पुन्हा घरात मोकळे फिरले नसते.

"आता परत पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"ढोलीपाशी तेवढा वेळ नाही. कुणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर..."

"विरजण," त्या म्हणाल्या. "शेजारून चमचाभर मागून आणतो, तसं."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. पेशंट बसतात तिथे त्यांची मोठी, जुनी टाकी आहे. धाकटा माझ्या कडेवर, टिंगी बोटाला आणि सासूबाईंच्या हातात स्टीलचा डबा, अशी आमची वरात उतरली.

"लोक इथे घाण काढून घ्यायला येतात," बाई हसल्या. "मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या." त्यांनी फिल्टर उघडला, कात्री घेतली आणि अर्धा स्पंज कापला. टिंगीने डोळे मिटले, तर म्हणाल्या, "नाही गं, याला दुखत नाही."

डब्यात त्याच टाकीचं पाणी आणि त्यात तो काळपट, बुळबुळीत तुकडा. सासूबाईंनी डबा दोन्ही हातांनी धरला. जिना चढताना त्या मध्येच थांबल्या.

"झाकण लावू का गं? की त्यांना हवा लागत असेल?"

मी म्हटलं, उघडाच राहू द्या. आयुष्यभर ज्याला मळ म्हटलं ते त्या छातीशी धरून नेत होत्या, एकही थेंब न सांडता.

तुकडा आमच्या स्पंजाला खेटून बसवला. माशांचं खाणं बंद केलं, त्यावरून टिंगीने रडून घर डोक्यावर घेतलं. रोज सकाळी मी थोडं पाणी काढायचे, थोडं मुरलेलं घालायचे. बाकी काही नाही. सासूबाई स्टुलावर बसून असायच्या, हात मांडीवर.

मग एका सकाळी मागच्या रोपाची पानं वेगवेगळी दिसू लागली. धुकं ओसरावं तसं पाणी मोकळं होत गेलं, आणि ढोली सावकाश तळाशी उतरली.

"खाली आली गं!" सासूबाई ओरडल्या.

"आजी, ते जंतू दिसत तर नाहीत," टिंगी म्हणाली. "मग आहेत कशावरून?"

"ही खाली आली ना, त्यावरून."

पुढच्याच आठवड्यात दुपारी त्यांनी मला खुणेने बोलावलं. बोट ओठांवर. ढोली रोपांच्या जाळीत थरथरत होती. तिच्याखालून एक ठिपका सुटला, गुंडाळी झालेला. बुडता बुडता तो उलगडला, त्याला शेपटी फुटल्यासारखी झाली, आणि कुणी काही न सांगता तो पोहत पानाआड गेला. मग दुसरा. काचेसारखी अंगं, आणि त्यात दोन काळी टिंबं.

"डोळे आहेत गं त्याला," सासूबाई कुजबुजल्या. "आल्या आल्या बघतोय."

माझ्या खांद्यावर धाकट्याचा ऊन श्वास लागत होता.

टाकीच्या काचेवर कोपऱ्यात हिरवा थर धरला होता. सासूबाईंचं लक्ष तिकडे गेलं तसा त्यांचा हात खिडकीतल्या फडक्याकडे वळला. एवढ्यात एक पिल्लू त्या थरापाशी आलं आणि टोचून टोचून खाऊ लागलं. हात थांबला. त्यांनी फडकं उचललं, घडी घालून खांद्यावर टाकलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

थोड्या वेळाने आतून पातेली घासल्याचा आवाज येऊ लागला. नेहमीसारखा, जोरदार, मला काहीही न विचारता.