लारीची धून

"बाबू, माझी धाकटी तुमच्याबरोबर आहे का?"

कोंग फिडाने चढावरून विचारलं. हातात विळा होता, पाठीवर झाडूच्या गवताचा भारा. मी शाळामास्तर, मुलं मला बाबू म्हणतात, म्हणून त्यांच्या आयाही म्हणतात. आमच्याकडे बाईला मानाने कोंग म्हणतात आणि पुरुषाला बा. फिडाची लारी माझ्याकडे दुसरीत होती. शनिवारी शाळा लवकर सुटली की सगळं गाव गवत कापायला या उतारावर येई.

"मघाशी कड्याच्या बाजूला दिसली," मी म्हणालो.

धुकं तोवर कमरेपर्यंत चढलं होतं.

आमच्याकडे मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक धून रचते. जंगलात कुणाला नावाने हाक मारायची नाही. नाव ऐकलं की तिथले आत्मे माणसाला ओढून नेतात. धून त्यांना कळत नाही. माणूस गेलं की त्याची धूनही संपते. ती पुन्हा कुणी तोंडातून काढत नाही.

फिडाची थोरली, डाफी, गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. तेव्हापासून फिडाने धाकटीलाही कधी धून म्हणून बोलावलं नव्हतं. भलतीच धून तोंडून निघेल, ही धास्ती. ती लारीला हाताने खुणावी, नाहीतर उठून आणायला जाई. एकदा पाटीवर बेरीज मांडता मांडता लारीने मला विचारलं होतं, "बाबू, मेई माझी धून विसरली का हो?"

"आई असं विसरते होय?" मी म्हणालो होतो. ती पुन्हा बेरजेकडे वळली, पण तिला ते पटलं नव्हतं.

आता लारीच्या मामाने, बा शानबोरने, तिची धून म्हटली. मग आणखी दोघींनी. उत्तर नाही.

"ऐकू येतंय तिला. मुद्दाम गप्प बसलीय," बा शानबोर चिडून म्हणाला. "बापासारखी हट्टी कार्टी! आणि या धुक्यात दोन पावलं इकडची तिकडं झाली तर..."

"कोंग, तूच बोलाव," मी म्हणालो. "ती तुझीच वाट बघतेय."

"नको बाबू. माझ्या गळ्याचा मला भरवसा नाही."

"तरी बोलाव."

फिडाने भारा खाली टाकला, डोळे मिटले आणि धून म्हटली. लांब, वर वर चढत गेलेली. डाफीची.

उतारावरचे सगळे विळे थांबले. बा शानबोरने टोपी काढली. फिडाने शालीचा बोळा तोंडात कोंबला.

बऱ्याच वेळाने गवत सळसळलं. डोक्यावर चिमुकला भारा घेऊन लारी धुक्यातून वर आली.

"मेई," ती म्हणाली, "ती नाही येणार आता. मी आलेय. चालेल?"

फिडा गुडघ्यांवर बसली. शाल बाजूला करून तिने लारीची धून सुरू केली. पोर हातभर अंतरावर उभी होती, तरी दरीपलीकडच्या माणसाला बोलवावं तसा आवाज लावून. अर्ध्यावर ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पुन्हा तिथेच अडली.

लारीने डोक्यावरचा भारा सावरला. नव्या मुलाला मी पाढा सांगतो, तसा तिने पुढचा तुकडा सावकाश म्हणून दाखवला आणि आईच्या ओठांकडे बघत थांबली.