जयू कोनाची

मी थापा मारते, हे घनसोलीतल्या कुत्र्यालाबी ठाऊक हाय. खाडीत असा शिंगाळा मासा घावला की त्याच्या मिशांना दोन पोरं लोंबकळून झोका खेळली, हे माझंच. भागीरथीचा नवरा शिवा, त्याला मगरीनं चपलांसकट गिळला, हेबी माझंच. खरं तर तो गोदीत कामाला गेला नि तिकडंच तापानं मेला. भागीला तवा सातवा महिना होता.

पोर झाली, जयमाला. त्याच साली करंजाड्याची सगुना मिठागरावर कामाला आली. एक पत्र्याची पेटी घेऊन भागीकडं आठ दिवसांसाठी उतरली, ती गेलीच नाय. दोघी एका टोपलीचं मीठ दोघींत वाहायच्या, एका ताटात जेवायच्या, एका गोधडीत झोपायच्या. आमी मिठागरावरच्या चौघी बायका काय आंधळ्या नव्हतो. कळत होतं. पन भागीला दूध नाय उतरलं तवा आमच्यातल्या शेवंतानं जयूला छातीशी घेतली, मी रातंदिस पेज करून दिली, कोनी झबली शिवली. गावातला पुरुष कायबी बोलला की आमी चौघी एकदम त्याच्या आयशीची चौकशी करायचो. सहा वर्षं असं चाललं.

मंग भागीला कावीळ झाली. नवव्या दिवशी तिची बुबुळं हळदीसारखी झाली तशी सगुना ठान्याच्या दवाखान्यात न्यायला टेम्पो बघायला रस्त्यावर धावली. घरात मी नि झोपलेली जयू. भागीनं मला खुनेनं जवळ बोलावलं. दोरीवरचं सगुनाचं लुगडं काढायला लावलं, घडी करून जमिनीवर ठेवायला लावलं, नि पोरीला उचलून त्यावर निजवायला लावलं. सगुना नव्हती ना, म्हनून तिच्या मांडीच्या जागी तिचं लुगडं. दत्तक पोर मांडीवर देतात ना, तसं. मंग भागी बारीक आवाजात काहीतरी बोलली. टेम्पो आला तवा भागी गेलेली होती.

तेराव्याला शिवाचा भाऊ कमळाकर उलव्यावरनं आला. त्याला चार पोरं नि बायको पाचव्यांदा बाळंत. पोरं सांभाळायला फुकटचं मानूस हवं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. दुपारी जयू कोनाची ते ठरवायला देवळात पंच बसले. जाताना शेवंता माझ्या कानाशी लागली, "सुंदरे, जेवढं बघितलंस तेवढंच बोल. तिखटमीठ लावू नको. पोरीचा जल्म हाय."

"अगं हो," मी बोलले.

कमळाकर उभा राहिला. "दोन बायांच्या घरात वाढलेली पोर ही! उद्या तिला मागनी कोन घालनार? बाप कोन सांगायचा? ही सगुना?"

पुरुष हसले. सगुना हसली नाय. "सांग की. तिला गोवर आला तवा कोन जागं होतं, तू?"

पंच नामदेव पाटील तसा वाईट मानूस नव्हता. बोलला, "सगुने, पोरीशी तुझं नातं काय ते सांग. मावशी बोल, आत्या बोल, मी लिहून घेतो."

एक खोटा शब्द पुरला असता. मी असते तर सात सांगितले असते. सगुना बोलली, "मी भागीची होते. म्हनून ती माझी."

नामदेवनं मान खाली घातली. "साक्ष हाय का कोनी?"

मी उठले. लुगड्याचं सांगितलं. अगदी सरळ, चार वाक्यांत. नामदेव काडीनं कान कोरत होता. मागची मानसं आपसात बोलाय लागली. मला वाटलं, हे चिकटत नाय. खरं असून चिकटत नाय. मंग मी बोलले, "नि पाटील, तेवढ्यात विझलेली चूल आपोआप पेटली."

मुंडकी वर झाली. काडी थांबली. काय सांगू, अंगात वारं भरल्यासारखं झालं. "खाडीचं पानी उंबऱ्यापर्यंत आलं. पान्यातनं गावदेवीचा आवाज आला, पोर सगुनाची!"

मागनं कोनीतरी ओरडलं, "मगरीच्या पोटातनं शिवापन बोलला का गं?"

देऊळ फुटलं हसून. पंच हसले. जयूला दूध पाजलेली शेवंता पदर तोंडात कोंबून हसत होती, तिला थांबवता येईना. नि मी? मीबी हसले. सवयीनं. सगुना तेवढी माझ्याकडं बघत उभी होती.

जयूला विचारलं तर तिनं सगुनाकडं बोट केलं. "सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय," म्हनून नामदेवनं कागद दुमडला. कमळाकर तिला खांद्यावर टाकून एसटीला निघाला. सगुनाला ती बाय म्हनायची; तशीच हाका मारत होती, "बाय! बाय!" सगुना तिची चपलं हातात घेऊन रस्त्यापर्यंत मागं मागं गेली. गाडीत कमळाकरनं चपलं घेतली नि खिडकीची झडप खाली ओढली. मिठागरावरच्या आमी बायका आपापल्या दारात होतो. चौघींतली एकबी पुढं झाली नाय. मघाशी हसलेल्या तोंडानं काय पुढं जानार?

दुसऱ्या दिवशी सगुना माझ्याकडं आली. शिव्या देईल म्हनून मी तयारच होते. ती बोलली, "सुंदरे, भागी शेवटाला काय बोलली, तेवढं सांग."

मी सांगितलं, "'जयू सगुनाची' बोलली."

तिसऱ्या दिवशी परत आली. मी बोलले, "'सगुनाला सांग, पोर सांभाळ' बोलली." चौथ्या दिवशी भलतंच निघालं तोंडातनं. सगुना ऐकून उठून गेली. तवा मला कळलं, मलाच आठवत नव्हतं. देवळातली ती चूल, ते पानी, ती देवी एवढ्या मोठ्यानं बोलत होती डोक्यात, की भागीचा बारीक आवाज त्याखाली कुठं गेला ते घावेना.

आठ दिवस डोकं धरून बसले. मंग एक वाक्य पक्कं वाटलं तशी धावत सगुनाकडं गेले, दार ठोठावलं. "आठवलं गं! आता खरं आठवलं!"

तिनं कडी काढली नाय. आतनं बोलली, "नको सांगू. तू बोललीस की तुझंच ऐकू येत राहतंय. तिचा आवाज थोडा उरलाय माझ्याकडं. तो तरी राहू दे."