आईची चारशे वाक्यं

घसा डॉक्टरांनी काढला. पण त्यांनी समोर बसवून सांगितलं, कागदावर सही घेतली, मगच हात लावला. आवाज काढून नेलात तो तुम्ही, आणि तोही एका ओळीच्या निरोपावर: ‘सोमवारपासून ही सेवा बंद होत आहे.’ सोमवार उजाडला आणि आईच्या हातातला टॅब मुका झाला. चोरसुद्धा घरात शिरताना थोडा घाबरतो. तुम्ही तेवढंही घाबरला नाहीत.

आई शिलाई कारखान्यात मुकादम होती. चाळीस मशीनींच्या खडखडाटावरून तिचा आवाज पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळायचा. ऑपरेशनच्या आधी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तिला महिनाभर माईकसमोर बसवलं. म्हणाल्या, “चारशे वाक्यं. जास्त नाही. रोज लागतात तीच निवडा.” आई वही-पेन्सिल घेऊन बसली. ‘माफ करा’ तिने पहिल्याच फेरीत उडवलं. “उगाच जागा अडवतं.” ‘दार लोटून घे, वारा येतोय’ ठेवलं. ‘डोकं ठिकाणावर आहे का?’ ठेवलं. आणि एक खास मामासाठी. मामा तिचा धाकटा भाऊ. ऐन कार्यक्रमात रेडिओ बंद करायची त्याची जुनी खोड. ते वाक्य तिने मनासारखी जरब येईपर्यंत तीनदा म्हटलं: ‘कुणाला विचारून बंद केलंस?’

पुढची दोन वर्षं टॅबवर बोट टेकवलं की ही वाक्यं कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरवरून घरात यायची. बहीण इथे, भाऊ इथे, आणि भांडण मात्र परमुलखातून फिरून येणार! तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता लेकीला वाटत होतं. लेक लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची. तिने कंपनीला फोन लावला.

“आम्ही फक्त खातेदाराशीच बोलू शकतो.”

“अहो, त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर—”

“मग त्यांना एकदा फोनवर येऊन तसं सांगू द्या.”

लेकीने फोन ठेवला. तो फेकावासा वाटत होता, पण ठेवला. त्याच आठवड्यात एका ऑफिसने अडगळीत काढलेला कॉम्प्युटर ती उचलून घेऊन आली. आईची वाक्यं आता घरातूनच वाजणार होती. मूळ रेकॉर्डिंगची डिस्क वाचा-उपचाराच्या बाईंनी तेव्हा दिली होती, साबणाच्या डबीएवढी. एकच.

रविवारी दुपारी टेबल मोकळं केलं. मामाला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तो आधीच हजर होता.

“दोन्ही डिस्का एकदमच जोड ना. एका फटक्यात मोकळी होशील.”

“मामा, लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना आम्ही आधी मेन स्विच पाडतो, कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. का माहितीये? वर कुणीतरी तुझ्यासारखा असतोच.”

आईचे खांदे हलले. हल्ली ती खांद्यांनीच हसायची.

लेकीने डिस्क आईच्या मांडीवर ठेवली. “ही तू धर. मी मागेपर्यंत सोडायची नाही.”

कॉम्प्युटरवर चढवायला घेतलेल्या नव्या सिस्टीमने पडद्यावर विचारलं, ही डिस्क पूर्ण पुसायची का? यादीत कॉम्प्युटरची जुनी डिस्क एकटीच होती. तरी लेकीने वळून आईच्या मांडीकडे पाहिलं. मगच ‘हो’ दाबलं.

मग दुसरी यादी आली. काय काय हवं? सगळीकडे आधीच खुणा करून ठेवलेल्या. लेक एकेक काढत सुटली. पडद्यावरच्या खिडक्या नकोत, चित्रं नकोत, खेळ नकोत.

“अगं, प्रिंटर तरी राहू दे.”

“आपल्याकडे आहे प्रिंटर?”

“उद्या आला तर?”

“तू आलास तेवढं पुरे.”

खुणा काढता काढता तिला आईची वही आठवली. पेन्सिलीने खोडलेल्या ओळीच ओळी. घरात नांदायला माणसाला किती वाक्यं लागतात? यंत्राला जागं राहायला काय लागतं? फार थोडं. बाकीचं दुसऱ्याच कुणाच्या तरी सोयीचं असतं, आणि आपल्या घरात पाय पसरून बसलेलं असतं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

“पडलं बंद,” मामा म्हणाला.

“बंद कुठलं? सांगायची वाट बघतंय. आत जे आहे ते मी ठेवलंय म्हणून आहे. काढायचं तर मलाच विचारावं लागेल.” तिने हात पुढे केला. “दे आई.”

आईने दिली नाही. कागदावर लिहिलं: *नक्की?*

“इथे प्रत उतरवते आणि ही परत तुझ्या कपाटात.”

तेव्हा कुठे आईची बोटं सुटली.

संध्याकाळपर्यंत टॅबवर चारशे बटणं आली, घरातल्याच वाय-फायवर. आईचं बोट बराच वेळ वरच्या वर फिरत राहिलं. मग टेकलं.

‘दार लोटून घे, वारा येतोय.’

दार बंदच होतं. तरी मामा उठला, दारापाशी गेला, ते पुन्हा घट्ट ओढलं, आणि बराच वेळ पाठमोरा तिथेच उभा राहिला.

सोमवारी सकाळी आईने स्वतःच फोनकडे बोट केलं. लेकीने नंबर लावला, स्पीकर सुरू केला.

“खातेदार स्वतः बोलताहेत का?”

‘हो, मीच बोलतेय.’

“सांगा, काय अडचण आहे?”

आईने बटणं वर-खाली चाळली. परक्यांशी अदबीने बोलायची वाक्यं तिने घेतलीच नव्हती. जे होतं ते दाबलं.

‘कुणाला विचारून बंद केलंस?’

पलीकडून, “एक मिनिट, वरिष्ठांना देते.” वाजंत्री लागली. ती थांबली. घसा खाकरल्याचा आवाज आला. चांगला, धडधाकट घसा.

आईने पुन्हा बोट टेकवलं. तीच जरब, तीच चाळीस मशीनींच्या वरची पट्टी.

‘कुणाला विचारून बंद केलंस?’

ते वरिष्ठ म्हणजे तुम्हीच ना? फोन अजून चालू आहे, बाई टॅब घेऊन बसली आहे. बोला. कुणाला विचारलंत?